युनोकडे जाण्यापूर्वी

खेड्यापाड्यांतून अन्यायाची वार्ता आली, की आपल्या सभांमध्ये एक उद्गार हमखास ऐकू येतो : ‘या देशात आम्हांस न्याय नाही, आता हे गाऱ्हाणे युनोत नेले पाहिजे.’ या उद्गारामागील संताप आम्ही जाणतो. तो खोटा आहे असे कोणी म्हणू नये. परंतु संताप कितीही खरा असला तरी न्यायासनापुढे तो पुरावा ठरत नाही. तेव्हा युनोकडे जावयाचे म्हणजे काय करावयाचे, ते दार कोणास उघडते आणि कोणास उघडत नाही, याचा विचार नव्याने धम्मात आलेल्या प्रत्येक कुटुंबाने शांत चित्ताने केला पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातील तिघेजण आमच्या कचेरीत आले होते. दीक्षा घेतल्यापासून गावाने त्यांच्याशी व्यवहार तोडला होता. दुकानदार माल देईना, शेतावर कोणी मजुरीस बोलावीना, गिरणीवाला दळण घेईना. त्यांच्या पिशवीत वर्तमानपत्रांची कात्रणे होती, निषेधसभेची छायाचित्रे होती, जिनिव्हास धाडावयाच्या अर्जाचा मसुदाही होता. पोलीस ठाण्यात दिलेल्या फिर्यादीची नक्कल मात्र नव्हती. ‘ठाण्यावर घेत नाही म्हणाले, म्हणून परत आलो,’ असे त्यांनी सांगितले. फिर्याद घेतली नाही याची लेखी खूण कोठे आहे, असे आम्ही विचारले. तेव्हा तिघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. जगाला सांगावयास त्यांच्यापाशी दुःख पुष्कळ होते; पण आपल्या राज्याने न्याय नाकारला हे दाखविणारा कागदाचा एक कपटाही नव्हता.

आंतरराष्ट्रीय कायद्याचा एक जुना नियम आहे. ज्या राज्याविरुद्ध तक्रार आहे त्या राज्यातील न्यायाचे सर्व मार्ग आधी चोखाळावेत, ते संपले म्हणजे बाहेर दाद मागावी. १९५९ साली हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने इंटरहँडल प्रकरणात हा रूढ कायद्याचा प्रस्थापित नियम असल्याचे सांगितले आणि स्वित्झर्लंडसारख्या राज्याचा दावाही ऐकण्याचे नाकारले. कारण ज्या कंपनीसाठी तो दावा होता तिचे काम अमेरिकेच्या न्यायालयांत अद्याप चालू होते. पुढे मानवी हक्कांच्या करारांनी हाच नियम स्वीकारला. वंशभेद निर्मूलनाच्या १९६५ च्या करारात तो आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या करारनाम्यास १९६६ साली जोडलेल्या ऐच्छिक मसुद्याच्या पाचव्या कलमातही तो आहे.

हा नियम गरिबांना अडविण्यासाठीच केला आहे, असे वरकरणी वाटते. परंतु त्यामागील विचार समजून घ्यावा. एखाद्या शिपायाने केलेला जुलूम हा जुलूमच होय. पण त्या जुलमाचे निवारण करण्याची इच्छा व शक्ती राज्याच्या ठायी आहे की नाही, हे राज्याला विचारल्यावाचून सिद्ध होत नाही. ठाणेदार, जिल्हा पोलीस अधीक्षक, दंडाधिकारी, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय या प्रत्येक पायरीवर आपण राज्याला एकच प्रश्न विचारीत असतो : ‘हा अन्याय तुम्ही दूर करणार की पदरात घेणार?’ त्याचे उत्तर लेखी मिळाले, की मग राज्याला ‘आम्हांस ठाऊकच नव्हते’ असे म्हणण्यास जागा राहत नाही.

आपले गाऱ्हाणे जगापुढे मांडावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९४६ च्या जुलै महिन्यात पूज्य बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांस पत्र लिहिले होते. नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे बाबासाहेबांनी वाचले होते. भारतातील अस्पृश्यही तसे करण्याचा विचार करीत आहेत, असे कळवून त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉईस यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस सहानुभूतीचे उत्तर पाठविले. परंतु पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क आयोगाने स्वतःच मान्य केले, की आपल्याकडे येणाऱ्या तक्रारींवर कोणतीही कारवाई करण्याचा आपणांस अधिकार नाही. जगाच्या दरबारात त्या काळी अर्ज ठेवण्यास पेटी होती, न्याय देण्यास हात नव्हता. आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी ज्या कलमाला राज्यघटनेचा आत्मा म्हटले, ते आजचे ३२ वे कलम होय. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचा हक्क ते कलम देते. बाहेरच्या दाराचा विचार करणाऱ्या त्याच पुरुषाने घरातील दार इतके मजबूत करून ठेवले, हे आपण विसरता कामा नये.

पुढे जगाच्या दरबारालाही थोडे हात फुटले. त्याचे एक उदाहरण आम्ही विस्ताराने सांगतो, कारण ते आपल्या दुखण्याच्या फार जवळचे आहे.

कॅनडा देशात तेथील मूळ रहिवाशांसाठी ‘इंडियन ॲक्ट’ नावाचा कायदा आहे. जमातीतील पुरुषाने बाहेरच्या स्त्रीशी विवाह केला तर त्याचा दर्जा कायम राही. उलट त्याच्या पत्नीलाही तो मिळे. पण जमातीतील स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी विवाह केला, की तिचा दर्जा जाई. राखीव वस्तीत राहण्याचा हक्कही जाई. जेनेट लाव्हेल या स्त्रीने या कलमाविरुद्ध झगडा दिला. पहिल्या न्यायासनापुढे ती हरली, अपिलात जिंकली, आणि १९७३ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात पाचास चार अशा मतांनी पुन्हा हरली. त्या दिवशी तिच्या लोकांस वाटले असेल, की सारे श्रम पाण्यात गेले.

परंतु सँड्रा लव्हलेस नावाची दुसरी एक स्त्री न्यू ब्रन्सविक प्रांतातील टोबिक वस्तीतील होती. १९७० च्या विवाहामुळे तिचाही दर्जा गेला होता. विवाह मोडल्यावर तिला आपल्या माणसांत परत यावयाचे होते. कायदा येऊ देईना. डिसेंबर १९७७ मध्ये तिने राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार पाठविली. तिने स्वतः कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन यावयास हवे होते काय? समितीने १९७९ साली सांगितले, की नाही. कारण त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कलम पूर्णपणे लागू असल्याचा निर्णय आधीच दिलेला आहे. ज्या दारातून काही मिळणार नाही हे ठरून गेले आहे, ते पुन्हा ठोठावण्याची सक्ती नाही. ३० जुलै १९८१ रोजी समितीने आपले मत दिले : आपल्या समाजात राहून आपली संस्कृती व भाषा जोपासण्याचा जो हक्क करारनाम्याच्या २७ व्या कलमाने दिला आहे, तो कॅनडाने सँड्रा लव्हलेसला नाकारला. १९८५ साली कॅनडाने तो कायदा दुरुस्त केला. सँड्रा लव्हलेस पुढे, २००५ साली, त्या देशाच्या सिनेटच्या सदस्य झाल्या.

वाचकहो, या हकिगतीतील मर्म ध्यानी घ्या. सँड्राला दार उघडले ते जेनेटच्या पराभवाने. घरच्या न्यायालयात नीट लढून हरलेला दावा व्यर्थ जात नाही. पुढच्या माणसाला तो पायरीसारखा उपयोगी पडतो. न लढलेला दावा मात्र कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

धर्म बदलला म्हणून दर्जा गेला, हा अनुभव आपलाही आहे. १९६२ साली नागपुरातील राखीव मतदारसंघातून महाराष्ट्र विधानसभेवर निवडून आलेले डॉ. डी. पी. मेश्राम यांच्याविरुद्ध पंजाबराव यांनी दावा केला, की ते बौद्ध झाले असल्याने अनुसूचित जातीचे उरले नाहीत. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने, १९५० च्या राष्ट्रपती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाच्या आधारे, निर्णय मेश्रामांच्या विरुद्ध दिला. तो निकाल कडू होता. पण कायद्यातील दोष नेमका कोठे आहे हे त्याने काळ्यावर पांढरे करून ठेवले. दोष न्यायाधीशांच्या मनात नव्हता, आदेशाच्या शब्दांत होता. आणि शब्द बदलण्याचे स्थान संसद होते. १९९० साली संसदेने त्या परिच्छेदात बौद्धांचा समावेश केला. घरचे उपाय म्हणजे केवळ न्यायालये नव्हेत. कायदा बदलून घेणे हाही घरचाच उपाय होय.

आता कोणी विचारील, ‘न्यायालये वर्षानुवर्षे खटला लांबवीत असतील, साक्षीदारांस धमक्या येत असतील, वकील मिळत नसेल, तरीही मार्ग संपेपर्यंत थांबावे काय?’ नियम इतका आंधळा नाही. उपाय कागदावर असून भागत नाही. तो परिणामकारक असला पाहिजे. ज्या उपायास अवाजवी विलंब लागतो तो संपण्याची वाट पाहण्याचे बंधन नाही, असे पाचव्या कलमातच म्हटले आहे. होंडुरास देशात १९८१ साली व्हेलास्केस रॉड्रिगेस नावाचा विद्यार्थी धरून नेला गेला व नाहीसा झाला. त्याच्यासाठी केलेले अर्ज तेथील न्यायालयांत निष्फळ ठरले. तरीही ‘यांनी घरचे मार्ग संपविले नाहीत’ अशी हरकत सरकारने घेतली. १९८८ साली अमेरिका खंडाच्या मानवी हक्क न्यायालयाने ठरविले, की अशी हरकत घेणाऱ्या सरकारने कोणता मार्ग शिल्लक होता व तो परिणामकारक कसा होता, हे दाखवावे. त्याच न्यायालयाने १९९० साली आणखी सांगितले, की दारिद्र्यामुळे वकील करता येत नसेल, किंवा भीतीपोटी कोणी वकील उभा राहत नसेल, तर हा नियम त्या माणसाच्या आड येणार नाही. परंतु येथेही कागद लागतो. विलंब झाला हे तारखांनी दाखवावे लागते. भीती होती हे अर्जांनी दाखवावे लागते. नुसते ‘काही उपयोग नव्हता’ असे म्हटल्याने सवलत मिळत नाही.

यापुढची गोष्ट अप्रिय आहे, पण ती दडविणे म्हणजे वाचकांची फसवणूक होईल. भारताने वंशभेद निर्मूलनाचा करार १९६८ साली मान्य केला, नागरी व राजकीय हक्कांचा करारनामा १० एप्रिल १९७९ रोजी स्वीकारला, स्त्रियांवरील भेदभाव नष्ट करण्याचा करार १९९३ साली मान्य केला. मात्र एकट्यादुकट्या नागरिकाची तक्रार ऐकण्याचा या समित्यांचा अधिकार भारताने मान्य केलेला नाही. पहिल्या कराराच्या १४ व्या कलमाखालील घोषणा केली नाही. उरलेल्या दोहोंचे ऐच्छिक मसुदेही स्वीकारले नाहीत. शेजारच्या नेपाळने १९९१ सालीच तसा मसुदा स्वीकारला. तेव्हा सँड्रा लव्हलेसने जे केले ते भारतातील बौद्ध स्त्री आज करू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयापर्यंतच्या साऱ्या पायऱ्या चढून आली तरी करू शकत नाही. जे पुढारी सभेत ‘युनोत दावा लावतो’ म्हणून वर्गणी गोळा करतात, त्यांस हे अवश्य विचारावे.

मग उघडे काय आहे? राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क परिषदेची तक्रार-पद्धती २००७ सालापासून आहे. तेथे सातत्याने घडणाऱ्या, गंभीर व विश्वसनीय पुराव्याच्या उल्लंघनांचाच विचार होतो. घरचे उपाय संपविल्याचे, अथवा ते निष्फळ वा अवाजवी लांबलेले असल्याचे दाखवावे लागते, आणि केवळ वर्तमानपत्री बातम्यांवर रचलेली तक्रार फेटाळली जाते. तेथून एकेका कुटुंबास नुकसानभरपाई मिळत नाही. दुसरे दार परिषदेच्या विशेष प्रतिवेदकांचे. त्यांस पत्र पाठविण्यास घरचे उपाय संपविण्याची अट नाही. ते सरकारला जाब विचारतात, निवाडा देत नाहीत. तिसरे दार, करारांखालील समित्या सरकारचा अहवाल तपासतात तेव्हा आपल्या संस्थांनी आपला अहवाल सादर करण्याचे. २००२ साली वंशभेद निर्मूलन समितीने जन्मावरून होणाऱ्या भेदात जातिभेद येतो असे स्पष्ट केले. भारत सरकारचा त्यास विरोध असूनही समितीने २००७ साली भारताविषयी तीच भूमिका कायम ठेवली. या तिन्ही दारांशी पहिला प्रश्न एकच विचारला जातो : ‘तुमच्या देशात तुम्ही काय केले आणि काय उत्तर मिळाले?’

म्हणून काय करावे ते सांगतो.

फिर्याद लेखी द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणे नोंदलेल्या खबरीची नक्कल तुम्हांस विनामूल्य मिळाली पाहिजे. ठाण्यावर घेतली नाही तर तीच हकिगत टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांस पाठवा व पोच जपून ठेवा. तेथेही दाद नसेल तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. फिर्यादीत तुम्ही बौद्ध आहात हे अभिमानाने लिहा. त्याबरोबरच अनुसूचित जातीचे असल्याचेही लिहा आणि प्रमाणपत्राची नक्कल जोडा. धर्मांतरामुळे अत्याचार प्रतिबंधक कायदा तुम्हांस लागू होत नाही असे कोणी सांगितल्यास १९९० ची दुरुस्ती दाखवा. सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. तपास साठ दिवसांत पुरा करावा असे त्याचे नियम सांगतात. जामिनाच्या वेळी ऐकून घेतले जाण्याचा पीडितास हक्क आहे. विशेष न्यायालयाच्या निकालावर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करावयाचे असते; मुदत चुकवू नका. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे जावयाचे तर घटनेपासून एक वर्षाच्या आत जावे लागते. वकिलाला द्यावयास पैसे नाहीत म्हणून स्वस्थ बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, तिचे उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

दीक्षा घेण्याच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. गुजरात सरकारने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून सांगितले, की तेथील २००३ च्या कायद्याच्या दृष्टीने बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म असून त्यात जाण्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. ही अट अंतःकरणाच्या स्वातंत्र्याशी विसंगत आहे, असे आमचे मत आहे. परंतु त्या प्रांतातील कुटुंबांनी अर्ज दिल्याची पोच घ्यावी, उत्तर न आल्यास लेखी स्मरणपत्र द्यावे, आणि त्यानंतर राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाखाली उच्च न्यायालयात जावे. तोंडी विनवण्यांची नोंद कोठेच होत नाही.

जे मराठी बौद्ध परदेशी वसले आहेत त्यांसही हा नियम चुकत नाही. इंग्लंडमधील कुटुंबास स्ट्रासबर्ग येथील युरोपीय न्यायालयाचे दार उघडे आहे; पण तेथेही आधी इंग्लंडची न्यायासने, आणि शेवटच्या निकालापासून चार महिन्यांच्या आत अर्ज. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, २०२२ पासून कमी झाली.

‘इतका दम आमच्यात कोठला?’ असे तुम्ही म्हणाल. हा प्रश्न खरा आहे. मजुरी बुडवून तारखेला जाणाऱ्या माणसाला नियमांची महती सांगणे सोपे असते, याची आम्हांस जाणीव आहे. म्हणून हे ओझे एकट्या कुटुंबावर टाकू नये. प्रत्येक विहारात एक पेटी असावी. तीत गावातील प्रत्येक तक्रारीच्या नकला, पोचपावत्या व तारखांची वही असावी. शिकलेल्या एका मुलाने अथवा मुलीने ती सांभाळावी. तारखेच्या दिवशी बुडणारी मजुरी सर्वांनी मिळून भरून द्यावी.

आणि चवदार तळ्याचे स्मरण ठेवावे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या स्पृश्यांनी बाबासाहेबांवर दिवाणी दावा लावला व तळ्यावर जाण्यास मनाई मिळविली. हजारो लोक सत्याग्रहासाठी जमलेले असतानाही बाबासाहेबांनी त्या मनाईहुकुमाचा मान राखला आणि न्यायालयात झुंज दिली. मुंबई उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला, तो आपल्या बाजूने. एका तळ्याच्या पाण्यासाठी जवळजवळ दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत ते तारखांना कंटाळले असते, तर आज आपल्या हाती तो निकाल नसता.

भारत सरकारपाशी आमची मागणी स्पष्ट आहे : १४ व्या कलमाखालील घोषणा करावी, ऐच्छिक मसुदे स्वीकारावेत. ज्या राज्याची न्यायालये स्वतंत्र आहेत त्याने बाहेरच्या तपासणीस भिण्याचे कारण नाही. ते दार आज ना उद्या उघडेल. त्या दिवशी आपल्या हाती केवळ कात्रणे असतील की शिक्क्यांचे कागद, हे आपण आजपासून काय लिहून ठेवतो यावर अवलंबून आहे.

ते तिघेजण त्या सायंकाळी जिनिव्हाचा मसुदा आमच्याकडेच ठेवून गेले. जाताना त्यांच्या हाती पोलीस अधीक्षकांच्या नावे लिहिलेली फिर्याद होती. ती टपालात पडल्याची पावती दुसऱ्या दिवशी आम्हांस पाहावयास मिळाली. त्यांच्या दाव्यातील तो पहिला कागद होय.